डिसेंबरातली गावची वाट

डिसेंबर लागला की मुंब्रा, कुर्ला, गोवंडी इथल्या कोकणी घरांत गावी जाण्याची बोलणी सुरू होतात. मुलांना नाताळची सुट्टी असते, हवा सुखाची असते, आखातात नोकरीला असलेली मंडळी रजेवर आलेली असतात. साहजिकच आपल्या मोहल्ल्यांतल्या लग्नांचा हंगामही हाच. म्हसळा-श्रीवर्धनपासून खेड, दापोली, चिपळूण, रत्नागिरी, राजापूरपर्यंत घरोघर मांडव पडतात. मग एका शुक्रवारी संध्याकाळी कामावरून घरी आलेला मुलगा जेवून गाडी काढतो. मागे दादी, फुफी, दोन लहान मुले, कपड्यांच्या बॅगा आणि आहेराची भांडी. "रात्री रस्ता मोकळा असतो, फजरला पोहोचू," असा हिशेब असतो.

हा हिशेब एकदा नीट तपासून पाहिला पाहिजे. रस्ता मोकळा असतो हे खरे, पण चालवणारा सकाळपासून जागा असतो.

पनवेलजवळ पळस्प्याला मुंबई-गोवा महामार्ग सुरू होतो. पूर्वीचा क्रमांक १७, आताचा ६६. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव ही नावे आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली आणि ते किती वर्षे रेंगाळले, हे कोकणी माणसाला सांगायला नको. या रस्त्याचा खरा धोका खड्डा नव्हे, अचानक होणारा बदल आहे. चार पदरी गुळगुळीत पट्ट्यावर पाय एक्सलेटरवर आपोआप दाबला जातो आणि पुढे काम चालू असलेला भाग येतो. दुभाजक संपतो, वाट एका बाजूला वळते आणि समोरच्या गाडीचे दिवे थेट डोळ्यांवर येतात. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. चार सेकंद डोळा लागला, तर जवळजवळ ९० मीटर गाडी कोणी चालवतच नसते.

१९ जानेवारी २०२३ च्या पहाटे माणगाव तालुक्यात रेपोली गावाजवळ ट्रक आणि मोटारीची धडक झाली. मुंबईहून गुहागरकडे निघालेली एकाच नात्यातली किमान नऊ माणसे गेली, त्यांत लहान मूलही होते. अपघाताची वेळ पाहा: पाच वाजण्याच्या सुमाराची. मध्यरात्रीनंतर दोन ते पाच या वेळेत माणसाचे शरीर झोप मागते. चहा घेतल्याने, खिडकी उघडल्याने किंवा मोठ्याने गाणी लावल्याने ती थोडी लांबते, जात नाही. जांभया येऊ लागल्या, गेल्या दोन किलोमीटरमधले काही आठवेनासे झाले, गाडी पट्टा सोडू लागली की एकच उपाय: पेट्रोल पंपावर किंवा उजेडाच्या जागी गाडी लावून वीस मिनिटे झोपणे. महामार्गाच्या कडेला अंधारात गाडी उभी करू नये.

माणगावहून म्हसळा-श्रीवर्धनची मंडळी वळतात. पुढे महाडला सावित्री लागते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. आता तिथे नवा पूल आहे. हिवाळ्यात सावित्रीला पूर नसतो, पण पहाटे नदीकाठच्या सखल भागात धुके साचते. पुढे चिपळूणला वाशिष्ठीच्या खोऱ्यातही तसेच. धुक्यात अप्पर दिवा लावला तर उजेड धुक्यावर आदळून परत डोळ्यांत येतो आणि उलट कमी दिसते. दिवा डिप्परवरच हवा, वेग निम्म्यावर आणि पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नयेत. मागच्याला आपण थांबलो आहोत की वळतो आहोत, हे कळत नाही. निघण्यापूर्वी काच आतून-बाहेरून पुसून घ्यावी. धुळीने माखलेल्या काचेवर समोरचा दिवा पसरतो.

पोलादपूर सोडले की कशेडी. जुन्या घाटाला पर्याय म्हणून इथे जवळपास दोन किलोमीटरचा बोगदा झाला आहे. बोगद्यात ओव्हरटेक करायचे नाही, थांबायचे नाही. जे अजूनही जुन्या घाटातून किंवा आतल्या रस्त्यांनी दापोली-मंडणगडकडे जातात, त्यांनी जुन्या ड्रायव्हरांचा नियम पाळावा: ज्या गिअरमध्ये चढ चढाल, त्याच गिअरमध्ये उतार उतरा. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर उतरण्यात पेट्रोल वाचेल, पण ब्रेक तापून दगा देतील. अरुंद घाटात वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते.

आता गाडीच्या आतले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. गाडी महागडी होती. आपल्याकडे मागचा पट्टा बहुधा सीटखाली दडलेला असतो. तो काढा, दादीलाही लावा. तान्हे मूल मांडीवर, तेही पुढच्या सीटवर, हे तर अजिबात नको. धक्का बसला की आईचे हात त्याला धरू शकत नाहीत. सात जणांच्या गाडीत दहा बसवू नका. जागा नसेल तर वडीलधाऱ्यांना आणि मुलांना कोकण रेल्वेने खेड, चिपळूण किंवा रत्नागिरीला पाठवा. तिकीट मात्र आधीच काढावे लागते.

आपल्या दीनने मुसाफिराला सवलत दिली आहे. चार रकातींच्या फर्जच्या दोन होतात आणि कोकणात आपण बहुतेक शाफई असल्याने जोहर-असर, मगरिब-इशा जोडून पढण्याचीही मुभा आहे. म्हणजे नमाजसाठी गाडी पळवण्याचे कारणच नाही. महाड, खेड, चिपळूण इथे मशिदी वाटेवर सापडतात. दर दोन तासांनी थांबा, वजू करा, पाय मोकळे करा.

एक विनंती लग्नघरांना. खरा धोका परतीच्या रात्री असतो. रविवारी रात्री उशिरा वलीमा आटोपतो, सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचे असते, आणि दोन रात्री न झोपलेला माणूस बिर्याणी खाऊन गाडीत बसतो. वलीमा दुपारी ठेवता येईल का? ड्रायव्हरांसाठी मोहल्ल्यातले एखादे घर, चार गाद्या, एवढी सोय करता येईल का? पाहुण्याला अत्तर लावतो, सांदण बांधून देतो. त्याच्या ड्रायव्हरला चार तास झोप देणे हीही मेहमाननवाजीच आहे.

इतके करूनही वाटेत कुणाचा अपघात दिसला, तर पुढे निघून जाऊ नका. १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस, १०३३ वर महामार्गाची मदत मिळते. जखमीला मदत करणाऱ्याला त्याच्या मर्जीविरुद्ध साक्षीला गुंतवता येत नाही, असे कायदा सांगतो. केंद्र सरकारच्या मे २०२५ च्या योजनेप्रमाणे जखमीला ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळतात. ही माहिती लग्नाच्या पत्रिकेबरोबर मोबाइलवर पाठवली तरी चालेल.

"मौत ज्या घडीला लिहिली आहे त्या घडीलाच येणार," असे आपल्याकडे म्हणतात. ते खरेच. पण झोपेने मिटणारे डोळे घेऊन गाडी चालवणे हा तवक्कुल नव्हे. मागे बसलेली दादी, फुफी आणि दोन मुले ही अमानत आहे. ती सकाळी आठला पोहोचली काय आणि दहाला पोहोचली काय, गावच्या ओटीवर वाट पाहणाऱ्यांना सारखेच. ती पोहोचली पाहिजेत.