छकुलीची सायकल आणि ओट्याचा दगड

दहावीची परीक्षा संपली, त्या सुट्टीत मी ठरवलं, छकुलीसाठी सायकल बनवायची. विकत आणायची नाही, बनवायची! छकुली म्हणजे माझी धाकटी बहीण. ती बाबांची उंच सायकल दांडीखालून पाय घालून चालवायची आणि दर आठवड्याला गुडघे फोडून यायची. जूनपासून तिला तीन किलोमीटरवरच्या शाळेत जायचं होतं.

शेजारच्या काकांचं खिडक्यांच्या ग्रिलचं वर्कशॉप. दोन मोडक्या सायकलींचे पाइप त्यांनी दिले. पण जोडताना पाइप हलू नयेत म्हणून जिग हवा. जिग म्हणजे सगळ्या नळ्या ठरल्या जागी, ठरल्या कोनात घट्ट धरणारा सांगाडा. तयार जिगची किंमत ऐकली आणि मी वहीच मिटली. लाखांच्या घरात! माझ्याजवळ होते दोन हजार.

मग स्वस्तातले उपाय शोधले. प्लायवूडची फळी? ज्योतीजवळ जळणार. लोखंडी अँगलचा सांगाडा? तो वेल्डिंग करतानाच वाकतो. वाकड्यावर सरळ कसं बांधणार? खाचांचे ॲल्युमिनियमचे बार झकास, पण सगळे पैसे तिथेच संपले असते. शेवटी काका मला ग्रॅनाइटवाल्याकडे घेऊन गेले. ओट्यातून कापून उरलेला मोठा तुकडा तीनशे रुपयांत मिळाला. त्यावर पोलादी पट्टी उभी धरून मागून बॅटरी लावली. पट्टीखालून उजेड आला नाही, म्हणजे दगड आपल्या कामापुरता सपाट. गोल नळ्या घरंगळू नयेत म्हणून व्ही आकाराच्या खाचेचे चार ठोकळे भंगारातून आणले. भिंतीवर खडूने खऱ्या मापाचं चित्र काढलं. हँडलची आणि सीटची नळी जवळजवळ समांतर, जमिनीशी साधारण ७३ अंशांवर.

पितळेची काडी आणि टाकणखार घेऊन जोडकाम काकाच करायचे. मी गॉगल लावून लांब उभा. (जस्ताचा मुलामा असलेला पाइप मात्र त्यांनी हातात घेतला नाही. तापला की त्याचा धूर विषारी!)

मला घाई फार. "काका, डावी बाजू एकदम पुरी करून टाका ना!" काका नको म्हणत होते. मी हट्टच धरला, तेव्हा त्यांनी केली.

सांगाडा थंड झाल्यावर काकांनी दोरा मागितला. मागच्या चाकाच्या एका खाचेतून निघून, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत तो ताणला. मग दोरा आणि सीटची नळी यांतलं अंतर मोजायला मला सांगितलं. एका बाजूला २६ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला ३०.

"दगडच वाकडा असेल," मी म्हटलं.

"दगडाला कशाला बोल लावतोस? तापलेली धातू थंड होताना आक्रसते, ज्या बाजूला आधी तापवली त्या बाजूला ओढते. जिग नुसता धरतो रे. सरळ आहे का ते आपण बघायचं."

माझा चेहरा पडला. शाळा उघडायला सहा दिवस होते. काकांनी मागच्या नळ्यांमध्ये लाकडी दांडा घातला आणि थंडच, हलक्या हाताने रेटलं. पुन्हा दोरा, पुन्हा रेटणं. अकराव्या खेपेला दोन्हीकडे २८!

उरलेले जोड मात्र आधी टाचून, मोजून, मग आलटून पालटून केले.

शाळा उघडली त्या दिवशी छकुली पाऊस नसतानाही रेनकोट घालून निघाली. कोपऱ्यावर तिने हँडलवरचे दोन्ही हात सोडले. सायकल सरळ गेली. आई मात्र दारातून ओरडली, "हात धर गं मेले!"