तुमचं सरकार

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, त्यानंतर दोनेक दिवसांत सकाळी सव्वासातला आबांचा फोन आला. आधी इकडचं-तिकडचं विचारून मग मुद्द्यावर येण्याची आबांना सवय नाही. ''काल लोणंदला हळवा कांदा नेला होता. तुमच्या सरकारनं पार वाटोळं केलं.''

''आबा, माझं कसलं सरकार?'' तोंडात ब्रश होता, जमेल तसं म्हणालो.

''असू दे, असू दे,'' म्हणाले आणि फोन ठेवला.

आबा मला जन्मापासून 'तू' म्हणतात. सरकारचा विषय निघाला की तेवढ्यापुरता मी 'तुम्ही' होतो. तो काही मान नसतो. त्या 'तुम्ही'त मी असतो, दिल्ली असते, माझी कंपनी, आमची सोसायटी आणि बहुधा अख्खं पुणे.

आमचं घर खंडाळा तालुक्यातलं, बैलजोडीपासूनचं काँग्रेसचं. बैलजोडीनंतर गाय-वासरू, मग पंजा आणि १९९९ पासून घड्याळ. माणसं तीच, गोठ्याच्या भिंतीवरचं चित्र तेवढं बदलत गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळही दुसऱ्या गटाकडे गेलं, तेव्हा आबांनी स्वतः उभं राहून भिंतीला चुना मारून घेतला. अशा घरातला मुलगा कमळाचा कसा झाला? खंबाटकीमुळे. नव्या बोगद्याचं काम सुरू होतं, तेव्हा एकदा घरी येऊन मी म्हणालो, ''काम बाकी झकास चाललंय.'' आबांनी आईकडे पाहिलं. ''झालं. गेला हा.'' माझ्या पक्षांतराचा सोहळा एवढाच.

खरं सांगायचं तर मी कोणाचाच नाही. एकाच पक्षाला लागोपाठ दोनदा मत दिल्याचं मला आठवत नाही, एकदा 'नोटा'चं बटणही दाबलं आहे. हे घरात सांगून पाहिलं. धाकटा भाऊ म्हणाला, ''कमळवाले असंच सांगतात.''

सासुरवाडीला, चिंचवडला, उलटा प्रकार. सासरे जावयाला अहो-जाहोच करतात, त्यामुळे तिथला 'तुमचे' मला उशिरा उमगला. ''मग, तुमचे साहेब काय म्हणतात?'' जणू शरद पवार रोज रात्री झोपण्याआधी मला फोन करतात. इथला पुरावा मात्र जरा भक्कम आहे. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यातल्या पावसातल्या त्या सभेला मी हजर होतो. पुढच्या रविवारी सासऱ्यांकडे बोलण्याच्या भरात म्हणून गेलो की अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी असा भिजत उभा राहिलेला माणूस पाहून अंगावर काटा आला. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. तेव्हापासून पवारांनी काहीही केलं की खुलासा मी करायचा. आणि मी करतोही, हीच गंमत आहे. समोरचा 'तुमचे, तुमचे' करायला लागला की आपण नसलेल्या बाजूनेही भांडायला लागतो.

तीच सभा मी आबांपुढे पुरावा म्हणून ठेवली होती. आबा म्हणाले, ''तू गाडी चालवायला आला होतास.'' तेही खोटं नाही.

माझं नाव अजून गावच्या यादीत आहे. पुण्याला न्यायला हवं हे कळतं, पण होत नाही. ७ मे २०२४ ला मतदानासाठी आदल्या रात्रीच गावी गेलो. सकाळी आबा ओसरीवर नमुना मतपत्रिका पसरून बसले होते. त्या वेळी आमच्या भागात एकच घोर होता. साहेबांच्या पक्षाचं नवं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस', आणि एका अपक्षाला मिळालेली नुसती 'तुतारी'. तिला लोक पिपाणी म्हणत. आबा बोट ठेवून समजावत होते, ''हे बघ, माणूस आहे का? माणूस वाजवतोय ती आपली. नुसती पिपाणी दाबायची नाही.'' आईला दोनदा सांगून झालं, वहिनीला झालं, चुलतीला तर चष्मा आणायला परत आत पाठवलं. मी चहाचा कप घेऊन शेजारी टेकलो, तशी आबांनी कागदाची घडी घातली आणि बंडीच्या खिशात सारली.

''तू तुझं बघून घे.''

रागाने नव्हे, अगदी नेहमीच्या आवाजात. पाहुण्याला म्हणतात ना, तुमचं होऊ द्या, तसं. मला कोणी तोंडावर शिव्या घातल्या असत्या तर इतकं लागलं नसतं. कप तसाच ठेवून मी उठलो.

केंद्र शाळेत होतं, मी चौथीपर्यंत शिकलो त्याच शाळेत. बटण दाबल्यावर काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. मी वाकून पाहिली. माणूस होता. कांदा मनात होता की साहेब, की ती खिशात गेलेली घडी, याचा हिशेब मी अजून लावलेला नाही. बाहेर आबा लिंबाखाली थांबले होते. विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यांनी माझ्या बोटावरची शाई पाहिली आणि म्हणाले, ''चल, ऊन झालं.''

४ जूनला साताऱ्यात लोकसभेला पहिल्यांदाच कमळ आलं. फरक बत्तीस हजारांच्या वर, आणि पिपाणीला सदतीस हजार मतं. संध्याकाळी फोन वाजला.

''अभिनंदन. आला तुमचा.''

''आबा, मी माणूसवालीच दाबली होती.''

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मागे आई गुरांना हाका मारत होती.

''माणूस नीट दिसला होता का?'' आबा म्हणाले. ''घाईत पिपाणी दाबली असशील.''