पोटाची विद्या

दहावीची परीक्षा जवळ आली म्हणजे आमच्या छत्रपती संभाजीनगरांत भेटेल तो पाहुणा एकच प्रश्न विचारतो, "पुढें काय?" आणि उत्तरहि बहुधा तोच देतो. आमच्या घरीं तें उत्तर वडिलांनीं योजून ठेविलें होतें : तंत्रनिकेतनाची पदविका. ते वाळूजच्या एका कारखान्यांत बावीस वर्षें लेथवर काम करीत आहेत. आमची ओढ इतिहासाकडे. "इतिहास शिकून पोट भरतें का?" हा त्यांचा प्रश्न उर्मट नव्हता, महिन्याची तोंडमिळवणी करतां करतां थकलेल्या माणसाचा होता. म्हणूनच आम्हांस उत्तर सुचेना.

एका रविवारीं लेण्यांवरून परततांना वडिलांसह आम्ही नागसेनवनापाशीं थांबलों. येथील मिलिंद महाविद्यालय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं सुरू केलें. १ सप्टेंबर १९५१ रोजीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें त्याची कोनशिला बसली. ज्या गरीब मुलांसाठीं तें निघालें, त्यांस रोजगाराची निकड आमच्याहून कितीतरी अधिक होती. तरीहि बाबासाहेबांनीं त्यांच्यापुढें कला व विज्ञान ठेविलें. त्यांनीं स्वतः कोलंबिया विद्यापीठांत अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र अभ्यासिलें होतें. हें आम्ही मोठ्या उत्साहानें सांगितलें.

"ते बॅरिस्टरहि झाले होते. शिवाय ते बाबासाहेब, तूं कोण?" वडील म्हणाले. आम्ही गप्प बसलों.

मग त्यांनींच विचारिलें, "हा मिलिंद कोण?" आम्ही सांगितलें कीं, तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकांत होऊन गेलेला ग्रीक राजा मिनँडर. त्यानें भिक्षु नागसेनास विचारलेल्या शंका 'मिलिंदपञ्ह' या पालि ग्रंथांत आहेत. त्यांत नागसेन उलट राजालाच रथाविषयीं विचारतो : आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? सुटा कोणताच भाग रथ नव्हे, हें राजाला कबूल करावें लागतें.

वडील बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "मी बावीस वर्षें एकच शाफ्ट टर्न करीत आलों. तो गाडींत कोठें बसतो, तें कोणी दाखविलें नाहीं."

वाटेंत त्यांनीं पूर्वीं कधीं न सांगितलेली एक हकीकत सांगितली. कारखान्यांत संगणकावर चालणारीं यंत्रें आलीं, तेव्हां त्यांच्याच हाताखालीं शिकलेल्या चार सोबत्यांस घरीं बसावें लागलें. हाताचें कसब त्यांच्यापाशीं कमी नव्हतें. वडील मात्र टिकले, कारण नव्या यंत्रास आंकड्यांत आकृति सांगावी लागे, आणि शाळेंत निरुपयोगी म्हणून घोकलेली भूमिति त्यांस आठवत होती. हें सांगतांना त्यांच्या स्वरांत अभिमानापेक्षां त्या चौघांविषयींची खंतच अधिक होती.

तंत्रनिकेतनाचें माहितीपत्रक अजून कपाटावर आहे. त्या रात्रीं वडिलांनीं आमचें इतिहासाचें पुस्तक वाचावयास मागून घेतलें. तें अद्याप परत मिळालेलें नाहीं.