पाळकबाईंची रजा

परमुलखात गेलेला माणूस तिथली देवळे पाहतो, राजवाडे पाहतो, बाजार पाहतो आणि परत आल्यावर ऐकणाऱ्याला दमवतो. मी अमेरिकेत साडेतीन महिने राहिलो आणि काय पाहून आलो, तर एक रजेचा अर्ज! पण तो अर्ज असा होता, की त्याने माझी चौतीस वर्षांची मास्तरकी मला पुन्हा तपासायला लावली. म्हणून ही हकिकत.

२०२५ च्या एप्रिलमध्ये आम्ही उभयता मुलीकडे गेलो. तिचे बिऱ्हाड मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनच्या पश्चिमेला. नॉर्थ स्टेशनवर फिचबर्गची गाडी पकडायची, वॉल्डनचे तळे मागे टाकायचे आणि थोड्या वेळाने उतरायचे. गावाचे नाव मुद्दामच देत नाही. त्या लोकांनी आम्हांला घरच्यासारखे वागवले, आणि घरातल्या गोष्टी नावानिशी छापू नयेत.

गाव म्हणजे मधोमध एक हिरवे मैदान, त्याच्या कडेला पांढरे लाकडी चर्च, त्याचा निमुळता मनोरा आणि चहूबाजूंनी मेपलची झाडे. आम्ही पोहोचलो तेव्हा झाडांवर पान नव्हते. मे महिन्यात मात्र आठच दिवसांत सारे गाव असे हिरवे झाले, की आमची सौ. म्हणाली, "अहो, कोकणात आल्यासारखं वाटतंय!"

शेजारी ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ राहत. आयुष्यभर नळदुरुस्तीचे काम केलेले. कुंपणावरून ओळख झाली आणि एके दिवशी ते म्हणाले, "रविवारी आमच्या चर्चची सभा आहे. येता का? मत देता येणार नाही, पण कॉफी मिळेल."

आम्ही गेलो. हे चर्च काँग्रिगेशनल पंथाचे. वर बिशप नाही, हुकूम सोडणारे कुणी नाही. सभासद जमतात, हात वर करतात आणि धर्मगुरू कोण, छपराला रंग कोणता, हे ठरवतात. मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३ पर्यंत अशा चर्चचा खर्च गावच्या करातून चाले. तेव्हापासून सारा भार सभासदांच्या खिशावर. याच पंथाच्या लोकांनी बॉस्टनहून पाठवलेले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. आपल्याकडचे मराठी ख्रिस्ती लोक अशा समुदायाला 'मंडळी' म्हणतात आणि धर्मगुरूला 'पाळक'. इतके गोड शब्द असताना मी दुसरे कशाला शोधू? इथल्या पाळक एक बाई होत्या. वय पन्नाशीच्या आतबाहेर, आवाज मऊ, चालणे भरभर.

सभेपुढे विषय एकच : पाळकबाईंची चार महिन्यांची भरपगारी रजा.

मी सावरून बसलो. आमच्या शाळेत रजेचा अर्ज म्हणजे हेडमास्तरांच्या टेबलावर एक कागद आणि त्यावर तांबड्या शाईचा एक फटकारा. इथे साठ माणसे दोन तास एका बाईंच्या रजेचा काथ्याकूट करीत होती, आणि ती नामंजूर करावी असे एकही म्हणत नव्हता! शेजाऱ्यांनी हळूच समजावले, की तिकडच्या पुष्कळ मंडळ्यांत सहा-सात वर्षे सेवा झाली, की पाळकाला तीन-चार महिन्यांची अशी रजा देतात. ती आजारपणाची नव्हे, सहलीचीही नव्हे. माणसाची विहीर उपसून उपसून कोरडी पडू नये, म्हणून पाणी भरू देण्याची.

कल्पना जुनी आहे. बायबलच्या लेवीय नावाच्या पुस्तकात पंचविसाव्या अध्यायात सांगितले आहे, की सहा वर्षे शेत पेरा, सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्या. विद्यालयांत ही रजा शिरली ती १८८० मध्ये, आणि ती कथा ऐकून माझे कान टवकारले. हार्वर्डचे अध्यक्ष एलियट यांना बाल्टिमोरहून एक तरुण पंडित हवा होता. त्याला ओढण्यासाठी त्यांनी दर सातव्या वर्षी अर्ध्या पगारी रजा देऊ केली, असे सांगतात. हा पंडित कशाचा? तर संस्कृतचा! चार्ल्स रॉकवेल लॅनमन. यांचे 'संस्कृत रीडर' १८८४ मध्ये निघाले. १८८९ मध्ये ते हिंदुस्थानात आले आणि हार्वर्डसाठी हस्तलिखिते घेऊन गेले.

मी जन्मभर संस्कृत शिकवलेला माणूस. मुलीला न सांगता एके दिवशी पोर्टर स्टेशनला उतरलो, चालत हार्वर्डला गेलो आणि वाइडनर ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर तासभर बसलो. आत जायला ओळखपत्र लागते. पण मला आत जायचे नव्हतेच. ज्या भाषेने एका माणसाला विसावा मिळवून दिला, तीच मी चौतीस वर्षे शिकवली आणि या काळात मनासारखी एकही रजा घेतली नाही, एवढेच मला तिथे बसून जरा सोसायचे होते.

पुढे मे-जून दोन्ही महिने त्या चर्चमध्ये लगीनघाई. तळघराच्या भिंतीवर एक भला मोठा तक्ता लागला. सतरा रविवारांची प्रवचने कोण देणार? इस्पितळात भेटायला कोण जाणार? किल्ल्या कुणाकडे? बॉयलर रुसला तर? (तिथे आमच्या शेजाऱ्यांचे नाव.) कुणी गेले, तर अंत्यविधी कोण करणार? तिथे पलीकडच्या गावच्या एका निवृत्त पाळकांचे नाव. बाहेरून येणाऱ्या पाळकांच्या मानधनासाठी मंडळीने सहा वर्षे थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते. आणि तळाशी मोठ्या अक्षरांत एक नियम : पाळकबाईंना फोन करायचा नाही, पत्र धाडायचे नाही.

कुरबुरही होती. एक बाई म्हणाल्या, "आम्हांला कोण देतं चार महिने?" त्या शुश्रूषागृहात रात्रपाळी करीत. सभा गप्प झाली. मग पाळकबाईच म्हणाल्या, "खरं आहे. सगळ्यांनाच मिळायला हवी. तुम्हांला मिळत नाही म्हणून मी घेऊ नये, की मी घेते म्हणून तुम्हांलाही मिळावी असं आपण म्हणत राहावं, हे तुम्हीच ठरवा." हात वर झाले. त्या बाईंचाही झाला, जरा उशिराने.

एकदा कॉफीच्या वेळी मी पाळकबाईंना विचारले, "काय करणार रजेत?"

"भावाचं शेत आहे व्हरमाँटला. पहिले पंधरा दिवस झोपणार."

"आणि काळजी?"

त्या हसल्या. "दोन आहेत. एक, माझ्यावाचून यांचं अडेल. आणि दुसरी, अडणार नाही!"

वाचकहो, हे वाक्य माझ्या वर्मी लागले. 'माझ्यावाचून दहावीचा वर्ग कसा चालणार' म्हणून मी रजा साठवीत गेलो. निवृत्त झाल्यावर पहिल्याच जूनमध्ये, काही निमित्त काढून शाळेत डोकावलो, तर नवीन मुलगी 'शाकुंतल' शिकवीत होती आणि पोरे हसत होती. माझ्या वर्गात ती कधी हसली नव्हती. चाललेले पाहून आनंद व्हायला हवा होता. मी मात्र बोलल्याचालल्याशिवाय घरी परतलो. ही गोष्ट मी सौ.लाही सांगितली नव्हती.

खरा पेच वेगळाच होता. मंडळीत ब्याण्णव वर्षांच्या एक आजी होत्या. हृदय थकलेले, डॉक्टरांनी वर्ष काढतील न काढतील असे सांगितलेले. त्यांच्या यजमानांना आणि मुलालाही याच पाळकबाईंनी निरोप दिला होता. आजींना कोण निरोप देणार? पाळकबाई रजा पुढे ढकलायच्या विचारात आहेत, अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा आजींनी आमच्या शेजाऱ्यांना बोलावून निरोप लिहून घेतला आणि तो तक्त्यावर टाचायला लावला. त्याचा मतलब असा : मी चार महिने थांबायचा प्रयत्न करते. नाही जमले, तर तिला बोलावू नका. तुम्ही सगळे आहातच की.

२९ जूनच्या रविवारी निरोपाची उपासना झाली. पाळकबाईंनी किल्ल्यांचा जुडगा एका तरुण मुलीच्या हातात दिला. मग सगळ्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवले. पुढच्या ओळीचे हात पाळकबाईंच्या खांद्यावर होते. अशी साखळी पार शेवटच्या बाकापर्यंत आली, तिथे आम्ही. शेजाऱ्यांचा हात माझ्या खांद्यावर पडला.

पुढच्याच रविवारी आषाढी एकादशी. साबुदाणा पाखडताना सौ. म्हणाली, "यात नवल ते काय? आपला देव आजपासून चार महिने झोपतो, तो कार्तिकीलाच उठतो. म्हणून काय पूजा थांबते? उलट साऱ्या व्रतवैकल्यांची गर्दी चातुर्मासातच!" मी अवाक् झालो. मास्तर मी, आणि धडा तिने दिला.

जुलैच्या मध्यास आम्ही परतलो. सप्टेंबरात मुलीचा फोन आला, "बाबा, त्या आजी गेल्या." मंडळीत दोन दिवस चलबिचल झाली. कुणी म्हणे, एक फोन करायला काय हरकत आहे? पण कागद तक्त्यावर होता. निवृत्त पाळक आले. पण आजींविषयी बोलले ते आमचे शेजारी, ज्यांनी उभ्या जन्मात चारचौघांत तोंड उघडले नव्हते. त्यांना मध्येच रडू आले, तेव्हा ती रात्रपाळीवाली बाई उठून त्यांच्याशेजारी उभी राहिली. शेवटपर्यंत आजींच्या उशाशीही तीच होती.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, इकडे कार्तिकीच्याच सुमारास, पाळकबाई परतल्या. त्या आधी एकट्याच दफनभूमीत जाऊन आल्या, मग चर्चमध्ये शिरल्या. चूक झाली की बरोबर, यावर त्या काहीच बोलल्या नाहीत, असे मुलगी म्हणाली. तक्ता मात्र त्यांनी काढू दिला नाही. त्यातली अर्धी कामे आता मंडळीच करते.

आणि आमच्याकडे? ती शाळेतली गोष्ट मी शेवटी सौ.ला सांगितली. ती म्हणाली, "मला माहीत होतं. त्या दिवशी तुम्ही दोनदा जेवायला नको म्हणालात." मग जरा थांबून म्हणाली, "त्रेचाळीस वर्षं झाली. मला कधी मिळणार हो रजा?"

दिवाळी आटोपली, की ती महिनाभर सांगलीला बहिणीकडे जाणार आहे. फोन करायचा नाही, असे ठरले आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तक्ता लागला आहे. त्यावरची पहिली ओळ तिच्याच हातची : 'दूध तापत ठेवल्यावर तिथून हलू नये.'