आभाळाची वेस

सीमाभागातल्या माणसाला आभाळाचं फार कौतुक. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, एकाच बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला आणि बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेली. तेव्हापासून आमच्याकडच्या सभांत, संमेलनांत आणि दिवाळी अंकांत एक वाक्य हमखास भेटतं. पाखरांना कुठली आली सीमा? आभाळाला कुठली आली वेस? मीही हे वाक्य टाळ्या घेण्यापुरतं दोन-चार वेळा वापरलेलं आहे. परवा परवापर्यंत मला ते खरंही वाटत होतं. पाव किलो वजनाच्या एका यंत्रानं ते खोटं ठरवलं.

माझा भाचा अमेरिकेत असतो. दर दोन-तीन वर्षांनी डिसेंबरच्या सुट्टीत मुलाबाळांसह येतो. गेल्या खेपेला निघण्याच्या आठवडाभर आधी त्याचा फोन आला.

"मामा, येताना ड्रोन आणतोय. २४९ ग्रॅमचा आहे, खिशात मावतो. चालेल ना?"

"कशाला रे?"

"आज्जीला शेत दाखवायचंय."

यावर पटकन काही बोलता येईना. माझी आई नव्वदीला आलेली. घर निपाणीत आणि शेत कागल तालुक्यात. निपाणीकरांना यात काही नवल वाटत नाही. इथली पोरं कर्नाटकात जेवून महाराष्ट्रात कॉलेजला जातात, कारण देवचंद कॉलेज ज्या अर्जुननगरात आहे ते कोल्हापूर जिल्ह्यात मोडतं. आई मात्र गुडघ्यांमुळे चार वर्षांत शेताच्या बांधावर गेलेली नव्हती. रोज संध्याकाळी ती विहिरीला पाणी किती आहे हे विचारी, आणि आम्ही अंदाजानं सांगत असू. तेव्हा नातवाचा हेतू चांगलाच होता. पण त्या हेतूच्या पाठोपाठ त्यानं सहलीची यादीही पाठवली: बेळगावचा किल्ला, गोकाकचा धबधबा, आंबोली, पन्हाळा आणि शेवटी गोव्याचा समुद्र. सगळं वरून टिपायचं. म्हटलं, आधी नियम बघू.

नियम बघायला बसलो आणि पेन्सिल घेऊन ती यादी एकेक करून तपासायला लागलो.

पहिली अडचण यादीच्याही आधीची निघाली. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला भारतात बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढीच कारणं त्यातून वगळलेली. सुटे भाग आणता येतात, कारण इथले कारखाने वाढावेत हा उद्देश. पण बांधलेलं यंत्र नाही. प्रवाशाच्या बॅगेतली वस्तू ही आयातच. विमानतळावर उतरताना कस्टमचा जो जाहीरनामा भरायचा असतो, त्यात २०१६ पासून ड्रोनचं नाव स्वतंत्रपणे घातलेलं आहे. म्हणजे 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय नाही. मी भाच्याला एवढंच सांगितलं, की आणायचाच असेल तर लपवू नकोस. कस्टमच्या कायद्यात एक शहाणपणाचं कलम आहे, ऐंशीवं. आणता न येणारी वस्तू प्रवाशानं खरेपणानं जाहीर केली, तर ती ठेवून घेऊन परत जाताना त्याच्या हवाली करता येते.

आता यादी. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ड्रोन नियम आणले आणि पाठोपाठ सप्टेंबरात देशाचा नकाशा तीन रंगांत रंगवून प्रसिद्ध केला. हिरव्यात १२० मीटर उंचीपर्यंत विचारायला नको, पिवळ्यात विमान वाहतूक नियंत्रण कक्षाला विचारायचं, लालमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. चालू विमानतळाच्या कुंपणापासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंतच मोकळीक. त्याच्याही आत परवानगीशिवाय नाव काढायचं नाही. नियम मोडला तर लाख रुपयांपर्यंत दंड.

बेळगावला सांबऱ्याचा विमानतळ, तिथंच हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र. शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आणि कॅन्टोन्मेंट, आणि किल्ला त्या लष्करी वस्तीतच. किल्ल्यावर काट मारली.

आंबोली आणि खाली खानापूरचं भीमगड, ही जंगलं. वन खात्याच्या परवानगीशिवाय तिथं ड्रोन नाही. हे वाचताना मला मनातून बरं वाटलं. भीमगडच्या बारापेडे गुहांत रॉटनची वटवाघळं राहतात, जगात फार थोड्या ठिकाणी आढळणारी. त्यांच्या तोंडाशी आपण चार पंख्यांचं भिरभिरं घेऊन जायचं, ते कशासाठी? दुसरी काट.

पन्हाळा पुरातत्त्व खात्याचा, आणि जुलै २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीतल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी एक. चालत जाऊन बघायला कुणाची ना नाही. उडवायचं तर खात्याची लेखी परवानगी हवी. तिसरी काट. गोव्याला दाबोळी म्हणजे नौदलाचा तळ, आणि उत्तरेला जानेवारी २०२३ पासून वाहता झालेला मोपा. दोन्हीकडची वर्तुळं मोजली की सुट्टीला जाणारा माणूस ज्या किनाऱ्यांवर जातो त्यातले कितीतरी आत येतात. तिथं अर्धी काट मारली.

उरला गोकाकचा धबधबा. घटप्रभा तिथं पन्नासेक मीटरवरून खाली येते. शेजारी झुलता पूल आणि जुनी गिरणी. विमानतळ लांब, जंगल नाही, छावणी नाही. जागेला हरकत नव्हती, पण यंत्राला होती. ड्रोनला सरकारी नोंदणीचा क्रमांक लागतो, आणि बंदी असताना बॅगेतून आलेल्या यंत्राला तो मिळायचा कुठून? ही शेवटची काट.

मी हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. भाचा चिडला.

"आपल्याच गावाचा फोटो काढायला परवानगी? काय देश आहे मामा!"

"तिकडं ग्रँड कॅन्यनवर उडवतोस का रे?"

थोडा वेळ शांतता. "नाही. नॅशनल पार्कात चालत नाही. दंड होतो."

तिकडच्या राष्ट्रीय उद्यानांत ही बंदी २०१४ पासून आहे. मोरोक्कोला फिरायला जाणाऱ्याचा ड्रोन तर विमानतळावरच अडकतो. डिसेंबर २०१८ मध्ये नाताळच्या तोंडावर लंडनच्या गॅटविक विमानतळाजवळ ड्रोन दिसल्याच्या बातमीनं धावपट्टी बंद पडली आणि लाखाहून जास्त प्रवासी अडकले. आपल्याकडे २७ जून २०२१ च्या पहाटे जम्मूच्या हवाई तळावर ड्रोननं स्फोटकं टाकली गेली, आणि मे २०२५ च्या तणावात मुंबईसारख्या शहरांत पोलिसांनी ड्रोनवर बंदी घातली. तेव्हा हे वेड एकट्या भारताचं नाही, आणि निव्वळ वेडही नाही.

तरीही एक गोष्ट मला खटकली, ती आमच्या सीमेसंबंधीची. आभाळ केंद्राचं, नियम केंद्राचा. पण त्याच नियमांत राज्याला आणि पोलिसांना एक अधिकार आहे. तातडीची गरज पडली तर पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत लाल ठरवू शकतो. आता बघा, निपाणी बेळगावच्या अधीक्षकांकडे आणि अर्जुननगर कोल्हापूरच्या. उद्या निपाणीवरचं आभाळ चार दिवस बंद झालं तर कॉलेजच्या पटांगणावरचं उघडंच राहील! कोगनोळीचा नाका आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत; २०२१ मध्ये करोनाचा तपासणी दाखला दाखवल्याशिवाय तो ओलांडता येत नव्हता. पण तो नाका आभाळातही उभा राहू शकतो, हे मला पहिल्यांदाच कळलं.

मग फरक काय? विचार करता मला तो असा दिसला. आभाळातल्या वेशीला कारण आहे. इथं विमान उतरतं, इथं सैन्य आहे, इथं प्राणी आहेत. ती किलोमीटरमध्ये मोजून दिलेली आहे, आधी नकाशा काढून बघता येते, आणि जिला मुदत आहे ती मुदत संपली की उठते. जमिनीवरच्या आमच्या रेघेचं कारण आम्ही १९५६ पासून विचारतो आहोत. महाजन आयोगानं १९६७ मध्ये दिलेलं उत्तर महाराष्ट्राला पटलं नाही, आणि २००४ पासून तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे. बंधनाचा राग माणसाला येतोच. पण कारण सांगितलं तर तो निम्मा होतो, हे सीमाभागातल्या माणसाइतकं कुणाला कळणार?

आणि दुसरी बाजूही आहे, ती वर न बघणाऱ्यांना कळत नाही. २०२४ च्या जून-जुलैत पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात आणि मराठवाड्यातल्या काही गावांत रात्री आभाळात फिरणारे दिवे दिसायला लागले. कुणाचे, कशासाठी, पत्ता नाही. माणसं चोरांच्या भीतीनं काठ्या घेऊन रात्र रात्र जागली. दिव्यानं कुणाचं काही नेलं असो वा नसो, झोप नेली. खालच्याला वरचा दिसत नाही, वरच्याला मात्र खालचं सगळं दिसतं; अंगणात वाळत घातलेले कपडेसुद्धा. सुट्टीवर आलेल्या पाहुण्याला जे देखावा वाटतं, ते खाली कुणाचं तरी परसू असतं.

आमच्या भागात ड्रोनचं वावडं आहे असं मुळीच नाही. लग्नाच्या मांडवावर तो घिरट्या घालतो आणि वऱ्हाडी माना वर करून हसतात. उसावर फवारणी करणारा ड्रोन आता कौतुकाचाही राहिला नाही. आमच्या शेताशेजारचा शेतकरी म्हणाला ते मला फार पटलं. "फवारणीचा येतोय तवा आदी फोन येतोय की. बायकापोरास्नी घरला धाडतोय, शेजाऱ्यास्नी सांगतोय. न सांगता आला तर धोंडाच मारीन." सगळ्या ड्रोन नियमांचा अर्क या चार वाक्यांत आहे.

भाच्यानं ड्रोन आणलाच, पण लाल मार्गानं जाऊन जाहीर केला. अधिकाऱ्यांनी तो ठेवून घेऊन पावती दिली आणि परत जाताना तो पावतीवर मिळाला. शेताचं काम आम्ही निपाणीतल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून करून घेतलं. त्याच्या यंत्राला क्रमांक होता, त्याच्याकडे उडवण्याचं प्रमाणपत्र होतं. शेत उजळाईवाडीच्या विमानतळापासून लांब, नकाशावर हिरवं. आदल्या दिवशी आजूबाजूच्या चार बांधांवर सांगून आलो.

संध्याकाळी आईच्या मांडीवर पडदा ठेवला. आम्हाला वाटलं, बाई हरखून जाईल. तिनं चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "विहिरीवरचा आंबा कुठाय रं?"

आंबा दोन वर्षांपूर्वी वादळात पडला होता. आम्ही तिला सांगितलं नव्हतं. मग तिनं बोटानं बांध दाखवला. "ह्यो आत सरकलाय. दोन हात तरी." शेजारी भाऊबंद. त्या चित्रात कर्नाटक-महाराष्ट्राची हद्द कुठंही दिसत नव्हती. चुलतभावानं सरकवलेला बांध मात्र स्वच्छ दिसत होता. भाचा माझ्याकडे बघायला लागला. आता मोजणी मागवावी लागणार, हे माझ्या लक्षात आलं.

तेव्हा सुट्टीला येणाऱ्या आमच्या पाव्हण्यांना माझं सांगणं एवढंच. आणू नका. आणलाच तर जाहीर करा. उडवायचाच असेल तर इथल्या माणसाचा, इथल्या कागदपत्रांचा, आणि ज्यांच्या डोक्यावरून जाणार त्यांना आधी सांगून. आभाळाला वेस नसते, हे वाक्य यापुढं माझ्या भाषणात येणार नाही. वेस असते. तिथं थांबून हाक मारायची असते, एवढंच.