जोडणीला कमी लेखू नकोस

चि. मुक्ता,


इलेक्ट्रिक गिटारचं किट मागवायचं तू ठरवलंस आणि घरात वाद सुरू झाला, हे पत्रातून कळलं. दादाचं म्हणणं असं, की मान तयार, बॉडी कापलेली, पिकअप गुंडाळलेले. चार स्क्रू पिळले म्हणजे वाद्य बनवलं असं होत नाही. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत त्याच्या उलट आहे. हे वाद्य मुळातच सुट्या भागांतून उभं राहिलं, आणि त्याचं वाद्यपण हे भाग एकमेकांशी जुळवण्यात आहे. ते जुळवणं सगळंच्या सगळं तुझ्या हातात येणार आहे.

लिओ फेंडरचंच बघ. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि गिटार वाजवायला तो कधीच शिकला नाही. त्याने १९५० पासून विकायला आणलेल्या गिटारची मान बॉडीला सरसाने चिकटवलेली नव्हती, चार स्क्रूंनी कसलेली होती. मान बिघडली तर काढावी आणि दुसरी बसवावी, हा रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा विचार. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तर तिन्ही पिकअप, व्हॉल्यूम-टोनचे पॉट आणि स्विच एकाच प्लेटवर बसवले, म्हणजे जवळपास अख्खी वायरिंग बाहेर करून वरून ठेवता येते. तुझ्या खोक्यातले भाग सुटे असणार ते याच रचनेमुळे. पुढे एडी व्हॅन हेलनने स्वस्तातली बॉडी आणि वेगळी मान घेऊन, आपल्याच एका गिब्सनमधला पिकअप काढून त्यात बसवून जी गिटार जोडली, ती १९७८ च्या त्याच्या बँडच्या पहिल्या रेकॉर्डवर वाजली. तिला कोणी जोडकाम म्हणून बाजूला ठेवलं नाही.

आता ‘जुळवणं’ म्हणजे नक्की काय, ते सांगते, कारण सगळा वाद तिथेच आहे. फेंडर पद्धतीच्या गिटारमध्ये नटपासून, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला असलेल्या खाचांच्या पट्टीपासून, ब्रिजपर्यंत तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरतात. बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, ३२४ वर. पहिला नटपासून साधारण ३६.४ वर. हे हिशेब कारखान्यातल्या यंत्राने आधीच कापून दिलेले असतात आणि ते द्यावेतच; पहिल्याच खेपेला हाताने फ्रेटच्या खाचा पाडणं हा हट्ट झाला. पण तार दाबली की ताणली जाते आणि स्वर किंचित चढतो, जाड तारेचा जास्त. म्हणून ब्रिजवरचा प्रत्येक तारेचा घोडा थोडा थोडा मागे सरकवावा लागतो. बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून निघणारा स्वर आणि तीच तार तिथे दाबून निघणारा स्वर एक होईपर्यंत. शिवाय दहा नंबरच्या सहा तारा सुरात लावल्या की मानेवर मिळून पंचेचाळीस किलोच्या आसपास ओढ येते. मान पुढे वाकते, आतली लोखंडी सळई तिला मागे खेचते, आणि या दोघांत किती वाक ठेवायचा ते तू ठरवायचंस. हे सगळं कोणत्याही खोक्यात तयार मिळत नाही.

सगळ्यात जपून करायचं काम नटच्या खाचांचं. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धर आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली उजेड दिसतो का बघ. कागदाएवढी फट राहिली तर ठीक. जास्त असेल तर बारीक कानशीने खाच खाली न्यायची, दोनदा घासायचं, तार परत बसवून बघायचं. एकदा जास्त घासलं की मोकळी तार पहिल्या फ्रेटला लागून झणझणते आणि नट बदलावा लागतो. तंबोऱ्याचंही असंच. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा आणि दांडी कितीही देखणी असो, घोडीवर जवारी नीट निघाल्याशिवाय तो बोलत नाही. तिथे तार घोडीवर झंकारावी म्हणून कानस चालते, इथे तार स्वच्छ राहावी म्हणून. पण कानाने ऐकत मिलिमीटरच्या अंशांत काम करायचं, हे दोन्हीकडे सारखंच. जवारी काढणाऱ्याला आपण कारागीर म्हणतो. मग तू काहीच बनवलं नाहीस, असं दादाने कोणत्या तोंडाने म्हणावं?

लाकूड हलकं असतं, हा दुसरा आक्षेप, आणि किटमध्ये ते बहुधा स्वस्तातलंच असतं हे खरं. पण पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांतून वीज निघते. नायलॉनची तार लावलीस तर त्याला काहीच ऐकू येणार नाही. लाकडाचा परिणाम शून्य असतो असं मी म्हणत नाही, पण पिकअप कोणता, तारांपासून किती खाली आणि पुढे अँप कोणता, यांच्यापुढे तो थोडा आहे. लेस पॉलने १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये केलेला प्रयोग पाइनच्या ओंडक्यावर होता. दिसायला गिटार वाटावी म्हणून दोन्ही बाजूंना जुन्या गिटारचे अर्धे भाग लावलेले. ब्रायन मेने वडिलांबरोबर १९६३ पासून जी गिटार घडवली, तिच्या मानेचं लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीतलं आहे आणि ती तो आयुष्यभर वाजवत आला.

पैशाचं म्हणशील तर दादा बरोबर आहे: किटवर तारा, कानशी, पॉलिश पेपर धरले की तेवढ्यात नवशिक्याची तयार गिटार येते. वाचवायला म्हणून किट घेऊ नकोस. पण ‘एवढ्या वेळात रियाज होईल’ हे त्याचं म्हणणं मला पटत नाही. नट उंच राहिलेली गिटार पहिल्या तीन फ्रेटवर चढी बोलते आणि दाबायला जड जाते. नवशिक्या मुलांना वाटतं आपली बोटं कच्ची आहेत, कान कच्चे आहेत, आणि कित्येकजण तिथेच सोडतात. स्वस्तातल्या तयार गिटारमध्ये हा दोष सर्रास असतो. दोष हाताचा की वाद्याचा, हे ओळखता येणं हा रियाजाचाच भाग आहे, आणि ती ओळख तुला हे काम करताना होईल.

तेव्हा खोकं आलं की रंगाचा डबा उघडू नकोस, सगळे तिथूनच सुरुवात करतात. आधी कोऱ्या लाकडावरच सगळं जोड. मानेपासून ब्रिजपर्यंत दोन टोकांच्या तारांच्या जागी दोरा ताणून मान सरळ आहे का बघ, मगच ब्रिजची भोकं पाड. ब्रिजला जाणारी अर्थची वायर विसरलीस तर गुणगुण थांबणार नाही. तारा चढव, महिनाभर तशीच वाजव, खाचा आणि घोडे जागेवर आण. मग खोलून पॉलिश कर, मान बसते त्या खाचेत मात्र थर चढू देऊ नकोस, नाहीतर जुळवलेला कोन बिघडेल. रंग कोणता द्यायचा ते तेव्हा कळव.

तुझी,
आत्या