त्सुरुहाशीची शेगडी

ओसाका स्थानकावर लूप लाइनची गाडी पकडली की पावएक तासात त्सुरुहाशी येतं. फलाटावर पाय ठेवताच भाजक्या मांसाचा आणि लसणाचा वास नाकात शिरतो. त्याला सरकारी मान्यताही आहे. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २००१ मध्ये देशातल्या शंभर जपण्याजोग्या सुगंधस्थळांची यादी केली. फुलांच्या बागा आणि समुद्रकिनाऱ्यांच्या पंक्तीला तिच्यात त्सुरुहाशी स्थानकाचा परिसरही बसला आहे.

बऱ्याच वर्षांनी इथे उतरलो तो थेट जेवायलाच. रुळांलगतच्या गल्ल्या तशाच अरुंद, छपरानं झाकलेल्या. किमचीची पिंपं, सुकी मासळी, लग्नाचे झगझगीत कोरियन पोशाख. जुनं दुकान जागेवर होतं. टेबलं मोजकीच, प्रत्येकावर कोळशाची शेगडी, भिंती धुरानं काळवंडलेल्या. पूर्वी वाढायला असायच्या त्या आजी आता गल्ल्यापाशी बसून होत्या आणि ऑर्डर मुलगा घेत होता. भाव वाढले होते. शेजारी पूर्वी बिअर पिणारे म्हातारे कामगार असत, आता कोरियन गाण्यांच्या नादानं आलेल्या विशीतल्या मुली होत्या.

दुपारी इथे थाळी मिळते. सोया सॉस, साखर, लसूण आणि तिळाच्या तेलात मुरवलेल्या ‘हारामी’च्या पट्ट्या, म्हणजे गुरांच्या श्वासपटलाचं मांस, सोबत वाफाळता भात, सूप, किमची. भाजायचं काम गिऱ्हाइकाचं. पट्टी जाळीवर टाकायची, कडा आक्रसल्या की उलटायची. गप्पांत रमलात तर जळते. कोरियात भाजलेला तुकडा बहुधा सॅलडच्या पानात गुंडाळून खातात. इथली मंडळी तो सॉसमध्ये बुडवतात, भातावर टेकवतात आणि मग तोंडात टाकतात. सॉसनं माखलेला तो भात मला मांसाहूनही आवडतो.

आपल्याकडे गोमांस म्हटलं की ताटाआधी वाद वाढला जातो. जपानलाही ते नवं नाही. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मूनं गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर वर्षातल्या ठरावीक महिन्यांत बंदी घातली होती. चोरूनमारून खाणारे होतेच; पण मांस वर्ज्य मानण्याची रीत शतकानुशतकं टिकली. १८७२ मध्ये सम्राट मेइजीनं गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं, आणि तेच खाणं सुधारणेची खूण ठरलं.

ही शेगडी मात्र राजवाड्यातून आलेली नाही. १९१० मध्ये जपाननं कोरिया गिळला. १९२०च्या दशकात जेजू बेट ते ओसाका अशी थेट बोट सुरू झाली आणि बेटावरची माणसं इथल्या कारखान्यांत राबायला येऊ लागली. महायुद्ध संपल्यावर स्थानकाभोवती काळा बाजार उभा राहिला. आजच्या गल्ल्यांचं मूळ त्यात आहे. १९४८ पासून जेजूवर कत्तली झाल्या, तेव्हा जीव मुठीत घेऊन आणखी लोक आले. कवी किम शिजोंग त्यांतलेच. १९५२ मध्ये इथल्या कोरियनांचं जपानी नागरिकत्व गेलं. सरकारी नोकरी नाही, मोठ्या कंपन्यांची दारं बंद. मग घरच्या घरी चालणारा धंदा करायचा, तर स्वस्तातली आतडी-काळीज आणून मुरवायची, भाजायची आणि विकायची. ‘याकिनिकु’ म्हणून आज जगभर जपानी पाट्यांखाली जे विकलं जातं, त्यातला मोठा वाटा या माणसांचा आहे, आणि तो श्रेय देऊन सांगितला पाहिजे.

वस्तीचं जुनं नाव इकाइनो. ते १९७३ मध्ये पत्त्यांतून पुसलं गेलं. पाच वर्षांनी किम शिजोंग यांनी तेच नाव आपल्या कवितासंग्रहाला दिलं.

तोवर याकिनिकु जपानी कुटुंबांच्या सणासुदीच्या जेवणात जाऊन बसलं होतं. ते रांधणाऱ्यांना मात्र तशी जागा मिळाली नाही. २०१३ मध्ये याच स्थानकाबाहेर कोरियनांविरुद्ध द्वेषाच्या घोषणा दिल्या गेल्या, त्याही भरदिवसा. २०१६ मध्ये ओसाका शहरानं द्वेषपूर्ण भाषणांविरुद्ध नियम केला. जपानात तो पहिलाच. नियमानं किती फरक पडला, असं आजींना विचारावंसं वाटलं, पण त्या बिलं लावण्यात गुंतल्या होत्या. वरून मुलानं माझी पट्टी जळत असल्याचं बोट दाखवून सांगितलं.

ओसाकाला गेलात तर दोतोनबोरीच्या दिव्यांतली एक संध्याकाळ कमी करा आणि दुपारी इकडे या. आधी मियुकिदोरीपर्यंत चालत जा. तिथे २०२३ मध्ये ओसाका कोरियाटाउनचं छोटं संग्रहालय उघडलं आहे, ते पाहा. मग भूक लागेलच.